ओढ्याजवळची लाईन

नगरपालिकेत पाणीपुरवठ्याची कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा माझी समजूत होती की गावातल्या नळांचा नकाशा कार्यालयात कुठेतरी असणार. मी मूळची सांगलीची. वडील तिथल्या हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. घरात साधं विजेचं बिलसुद्धा दोऱ्यात ओवून खिळ्याला लागायचं. त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा कागद असतोच, हे मी धरूनच चालले होते. लग्नानंतर साताऱ्यात आले आणि तिथून रोज एसटीने नोकरीच्या गावी जाऊ लागले. गावाचं नाव सांगत नाही. कृष्णेच्या काठचं, बाजारपेठेचं, सातारा जिल्ह्यातलं एक गाव आहे, एवढं पुरे.

पहिल्याच आठवड्यात मी बडे बाबूंकडे, म्हणजे मुख्य लिपिकांकडे, नकाशा मागितला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "नकाशा? मामांना विचारा."

मामा म्हणजे आमचे व्हॉल्व्हमन. पन्नाशी ओलांडलेला माणूस, खाकी शर्ट, सायकलच्या दांडीला बांधलेली लोखंडी चावी. ती चावी कमरेइतकी उंच, वर आडवा दांडा. रस्त्यातल्या चेंबरमध्ये ती घालून फिरवली की एका गल्लीचं पाणी सुरू व्हायचं आणि दुसरीचं बंद. रोज पहाटे पाचपासून ते गावभर हेच करत. कुठल्या गल्लीला किती वेळ, कुठे चढ आहे म्हणून आधी सोडायचं, कुठे लग्न आहे म्हणून थोडं जास्त, हे सगळं त्यांना पाठ होतं.

मी त्यांना नकाशाबद्दल विचारलं तर ते म्हणाले, "आवं मॅडम, कागुद कुटला हाय? ज्यांनी लाईन टाकली ती मान्सं गेली. मला माज्या आधीच्यानं दावलं, तेवढंच."

मग आम्हीच नकाशा करायला घेतला. शनिवारी कार्यालयाला सुट्टी असायची, पाण्याला नसायची. मामांचं पाणी सोडून झालं की मी आणि ते गावातून चालायचो. माझ्या हातात टेप आणि वही, त्यांच्या हातात पहार. शंका आली की ते पहारीचं टोक जमिनीला लावायचे, दुसऱ्या टोकाला कान लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "हितनं जातंय," म्हणायचे. कधी "न्हाई, हितं न्हाई, फुडं." लोक हसायचे. आम्ही दोन वर्षं असे चाललो. मोठा कागद आणून मी त्यावर सगळं शाईने उतरवलं. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची लाईन लाल, सिमेंटची निळी, नवी प्लास्टिकची हिरवी. व्हॉल्व्ह म्हणजे काळे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी खूण लिहिलेली: शाळेच्या कोपऱ्यापासून, हापशापासून, अमक्या पायरीपासून इतकी पावलं.

त्यात ओढ्याजवळची एक जागा होती. टाकीकडून येणारी मुख्य बीडाची लाईन तिथे सरळ न जाता डावीकडे वळसा घेऊन पुढे जाते. मामांनी त्याचं कारण सांगितलं. ते नुकतेच नोकरीला लागले होते तेव्हा ओढ्याला पूर आला, खालची माती वाहून गेली आणि पाईप उघडा पडला. त्या वेळच्या सुपरवायझरने चार माणसं लावून लाईन पंधरा-वीस फूट बाजूला घेतली. घाईचं काम होतं, कागदावर काहीच आलं नाही. मी नकाशावर ते वळण काढलं आणि खाली टीप लिहिली.

त्या नकाशावर मी माझं नाव घातलं नाही, मामांचंही घातलं नाही. तेव्हा ते सुचलंच नाही. कार्यालयाचं काम होतं, कार्यालयाच्या कपाटात ठेवलं.

मामा निवृत्त झाले त्या महिन्यात मी त्यांच्या जागी माणूस मिळावा म्हणून टिपणी ठेवली. टिपणी परत आली. शेरा होता की सुधारित आकृतिबंधानुसार व्हॉल्व्हमन हे पद मृत संवर्गात गेले असून सदर काम बाह्ययंत्रणेमार्फत करून घ्यावे. मृत संवर्ग, म्हणजे यापुढे न भरायचं पद, हा शब्द मी नोकरीत अनेकदा वाचला होता, पण आपल्या ओळखीच्या माणसाच्या पदासमोर पहिल्यांदाच पाहिला. निरोप समारंभात मामांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यांनी चावी माझ्या टेबलाशेजारी भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, "नवा गडी आला की मला बलवा. महिनाभर फिरवतो त्येला. पैसं नगो."

नवा गडी आला नाही. एक एजन्सी आली. एजन्सीने आपल्या चाव्या देऊन चार माणसं पाठवली आणि तीन महिन्यांनी ती बदलून दुसरी चार पाठवली. माणसं वाईट नव्हती. पण एक उंब्रजहून यायचा, एक रहिमतपूरहून, आणि कुणालाच पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे ठाऊक नव्हतं. मी एकाला घेऊन गल्ल्या फिरायचे, तो शिकायच्या बेताला यायचा आणि त्याचा फोन यायचा, "मॅडम, मला साखर कारखान्याच्या साईटवर टाकलंय." मामांनी स्वतः एजन्सीकडे अर्ज केला होता, हे मला नंतर कळलं. आयटीआयचं प्रमाणपत्र नाही आणि वय जास्त, म्हणून तो नाकारला गेला होता. त्यांनी मला ते सांगितलं नव्हतं. पुढे ते उंब्रजजवळच्या आपल्या मूळ गावी राहायला गेले.

त्यानंतर वर्षभराने नवी पाणी योजना आली आणि तिच्याबरोबर कन्सल्टंट आले.

पुण्याची कंपनी होती. त्यांचे साहेब एकदाच आले. बाकीच्या वेळी एक तरुण अभियंता यायचा. शांत, नम्र, वहीत लिहून घेणारा. त्याला गावाच्या आत्ताच्या सगळ्या लाईनींची माहिती हवी होती. मी त्याला म्हटलं, "दोन दिवस माझ्याबरोबर चाला, सगळं दाखवते." तो ओशाळला. "मॅडम, मला या आठवड्यात तीन गावं करायची आहेत. तुमच्याकडे काही रेडी आहे का?"

मी कपाटातून आमचा नकाशा काढला. तो टेबलावर पसरला तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "हे कुणी केलं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने मोबाईलवर त्याचे पंधरा-वीस फोटो काढले, चारही कोपऱ्यांवर माझं पेपरवेट, स्टेपलर, डबा असं काय काय ठेवून. जाताना तो म्हणाला, "मॅडम, आमचं निम्मं काम झालं." त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

तीन महिन्यांनी सभागृहात सादरीकरण झालं. पडद्यावर गावाचा नकाशा आला. लाल, निळ्या, हिरव्या रेषा. माझेच रंग. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली ओळ: सविस्तर क्षेत्रीय सर्वेक्षणाअंती तयार. साहेब म्हणाले की आमच्या चमूने गल्लीन् गल्ली पिंजून काढली. तरुण अभियंता मागच्या रांगेत बसून मोबाईलकडे बघत होता. आपलं काम कुणीतरी नीट कागदावर आणलंय, गावाला पाणी मिळालं म्हणजे झालं, असं मी मनाला सांगत होते. अहवालात एका पानावर आमच्या गावाला भरती-ओहोटीमुळे खाऱ्या पाण्याचा धोका असल्याचं लिहिलेलं होतं. ते पान कोकणातल्या कुठल्या तरी गावच्या अहवालातून तसंच उचललेलं असणार. तेही मी हसून सोडून दिलं असतं.

पण ओढ्याजवळची लाल रेषा सरळ होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "इथे लाईन डावीकडे वळते. मी दिलेल्या नकाशावर ते वळण आहे, खाली टीप आहे."

साहेबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "मॅडम, तोंडी माहिती आम्ही तपासून घेतो. या वळणाला कागदोपत्री आधार मिळाला नाही. आमच्या प्रणालीत दोन बिंदू सरळ जोडले जातात, आणि तेच तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे."

"पाईप जमिनीत वळलेला आहे," मी म्हटलं. "प्रणालीत नाही."

थोडं हसू उमटलं. मुख्याधिकारी म्हणाले, "मॅडम, आपण त्यांना तज्ज्ञ म्हणून नेमलंय ना? मग त्यांना काम करू द्या. तुमचं काही असेल तर लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्याच दिवशी, दोन पानांचं पत्र. ओढ्याजवळचं वळण, आणि दुसरी गोष्ट म्हणजे शाळेसमोरचा मोठा व्हॉल्व्ह, जो त्यांच्या नकाशातून गळलाच होता. तो व्हॉल्व्ह बंद केला की गाव दोन भागांत तुटतं. खालच्या भागात काही बिघाड झाला तरी वरच्या भागाला पाणी देता येतं. पण वर्षापूर्वी तिथे पेव्हर ब्लॉक बसवले गेले, तेही दुसऱ्या एका एजन्सीने, आणि चेंबरचं झाकण त्याखाली गाडलं गेलं. मी त्या वेळीही तोंडी सांगितलं होतं. पत्राच्या माझ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला आणि ती घरी नेऊन ठेवली. सांगलीच्या घरचं वळण, दुसरं काय.

काम सुरू झालं फेब्रुवारीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेकेदाराच्या जेसीबीने ओढ्याजवळ चर खणला. नकाशाप्रमाणे तिथे काहीच नव्हतं. जेसीबीचा दात मुख्य लाईनवर बसला आणि बीडाचा पाईप फुटला. मी पोहोचले तेव्हा ओढ्यात इतकं पाणी वाहत होतं की पलीकडच्या बायका धुणं घेऊन आल्या होत्या. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करण्यावाचून इलाज नव्हता. तो बंद केला आणि सगळं गाव कोरडं पडलं.

जुन्या मापाचा बीडाचा पाईप, त्याचे जोड आता सहज मिळत नाहीत. ठेकेदार म्हणाला, सांगलीहून किंवा कोल्हापूरहून मागवावे लागतील, तीन-चार दिवस लागतील. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. कार्यालयात बायका रिकाम्या घागरी घेऊन येऊन बसल्या, आणि त्या मला ओळखत होत्या, कन्सल्टंटला नाही. एक आजी म्हणाली, "बाई, तू तर रोज हिंडतीस की ह्या रस्त्यानं. तुला ठावं न्हाई व्हय पायप कुटं हाय?"

ओढा गावाच्या खालच्या भागात, त्यामुळे शाळेसमोरचा व्हॉल्व्ह सापडला असता तर निदान अर्ध्या गावाला पाणी देता आलं असतं. मी एजन्सीच्या तीन माणसांना घेऊन गेले. मी लिहिलेली खूण होती: हापशापासून अकरा पावलं. हापसा काढून टाकलेला होता. जिकडे तिकडे एकसारखे राखाडी ब्लॉक. मी कन्सल्टंटना फोन लावला. साहेबांनी सांगितलं की प्रत्यक्ष जागेवरची देखभाल त्यांच्या कामाच्या व्याप्तीत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि मामांच्या गावी गेले.

ते घराबाहेर बसून ठिबकच्या नळ्या दुरुस्त करत होते. दोन वर्षांत बरेच वाळले होते. मला पाहून उठले, एक गुडघा धरून.

"मामा, लाईन फुटली. ओढ्यापाशी."

"आपल्या वळनावर?"

"हो."

"आपुन दावलं हुतं की नकाशात."

"दाखवलं होतं."

"मग?"

मी त्यांना सभागृहात काय झालं ते सांगितलं. घरातून मामी पाणी घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मला उद्देशून पण मामांकडे बघत म्हणाल्या, "त्येंचा गुडगा लय दुकतोय. नोकरीत हुते तवा पावसापान्यात गेलं. मागनं काम द्या म्हनून गेले तर शिकलेला न्हाई म्हनून सांगितलं. आता कशाला आलाय तुमी?"

त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, "मामी, मी जबरदस्ती करत नाही. मला नुसतं सांगितलं तरी चालेल की हापशाशिवाय तो व्हॉल्व्ह कसा शोधायचा."

मामांनी हातातल्या नळीतली माती काडीने काढली. मग म्हणाले, "सांगून गावायचा न्हाई त्यो." आत जाऊन त्यांनी शर्ट बदलला. मामींनी गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून दिला.

शाळेसमोर पोहोचलो तर दहावीचा पेपर सुरू झालेला. मुख्याध्यापिका फाटकापर्यंत आल्या आणि हात जोडून म्हणाल्या की पेपर सुटेपर्यंत एकही घाव घालायचा नाही. बरोबरच होतं. आम्ही लिंबाखाली बसून राहिलो. ठेकेदाराचा सुपरवायझर तिथे आला. त्याने मामांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण? यांचा विमा उतरवलाय का? साईटवर बाहेरचा माणूस चालत नाही."

"यांनी या गावाला तीस वर्षं पाणी पाजलंय," मी म्हटलं. "मी जबाबदारी घेते."

"लेखी द्या," तो म्हणाला. मी वहीचं पान फाडून लेखी दिलं.

पेपर सुटला, पोरं बाहेर पडली, आणि मामा उठले. शाळेच्या कोपऱ्यापासून त्यांनी पावलं मोजली, थांबले, पहारीला कान लावला. लाईन बंद असल्यामुळे आत आवाज नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं, पण सवयीने लावला. मग एका जागी त्यांनी पाय आपटला. "हितं."

एजन्सीच्या माणसांनी ब्लॉक उचकटले. हातभर खणलं. नुसता मुरूम. आणखी खणलं. काही नाही. सुपरवायझर हात बांधून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मामांना दिसू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले. वाटलं, आपण या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरातून उठवून इथे चारचौघांत खोटं पाडायला आणलं.

मामा भिंतीजवळ गेले. शाळेच्या कुंपणाची भिंत हाताने चाचपली. मला म्हणाले, "मॅडम, ही भित्त नवी हाय."

मी मुख्याध्यापिकांना विचारलं. हो, दीड वर्षापूर्वी भिंत पाडून थोडी बाहेर घेऊन नवी बांधली होती.

"तरीच," मामा म्हणाले. "कोपरा सरकलाय." त्यांनी अंदाजाने जुना कोपरा धरला, पुन्हा पावलं मोजली आणि दुसरी जागा दाखवली. तिसऱ्या-चौथ्या घावाला लोखंडाचा आवाज आला. झाकण होतं. एजन्सीच्या त्या तिघांनी मिळून ते उचललं, आणि मी दोन वर्षं टेबलाशेजारी उभी ठेवलेली चावी आत घातली. मामांच्या गुडघ्याला जोर लागेना. ते वरून सांगत राहिले, "मोजा. बारा फेरं सोपं जातील. तेराव्याला अडकंल. तितं जोर लावू नगा, जरा मागं घ्या आन् मग फुडं." तेराव्याला खरोखर अडकलं. मागे घेतलं, पुढे नेलं, आणि व्हॉल्व्ह बसला.

संध्याकाळी वरच्या अर्ध्या गावाला पाणी आलं. खालच्या भागाला बाहेरून जोड येईपर्यंत थांबावं लागलं. मामा त्यानंतरही दोन तास थांबले. त्या तिघांना घेऊन त्यांनी आसपासचे सात-आठ व्हॉल्व्ह दाखवले, कुठला किती फेऱ्यांचा ते सांगितलं. त्या माणसांनी मन लावून ऐकलं, एकाने मोबाईलवर रेकॉर्डही केलं. पुढच्याच महिन्यात एजन्सी बदलली आणि ते तिघेही गेले.

दोन दिवसांनी पुण्याच्या कंपनीने कुठल्याशा व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकले, खाली ओळ: आमच्या तांत्रिक चमूच्या प्रयत्नांतून पाणीपुरवठा अंशतः पूर्ववत. फोटोत झाकण होतं, चावी होती, सुपरवायझर होता. मामा तेवढ्यात बाजूला पाणी प्यायला गेले होते.

आणि त्यानंतर मला कारणे दाखवा नोटीस आली. मुख्य जलवाहिनीच्या स्थितीबाबत सल्लागार संस्थेस अचूक माहिती पुरविण्यात आपण कसूर केली, त्याबाबत खुलासा सात दिवसांत सादर करावा.

मी ती नोटीस एसटीत तीनदा वाचली. घरी गेल्यावर नवऱ्याशी धड बोलले नाही. चार दिवस बसून नऊ पानी खुलासा लिहिला, नकाशाची हकिगत, शनिवार, वळण, टीप, सभागृह, सगळं. माझ्या पत्राची मूळ प्रत फाईलमध्ये शोधायला गेले तर फाईलच नव्हती. बडे बाबू म्हणाले, "जुन्या फायली स्कॅनिंगला गेल्यात. बाहेर दिलंय ते काम. कधी येतील सांगता येत नाही." पण माझ्याकडे शिक्क्याची प्रत होती. ती जोडून मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. खरं सांगायचं तर जिंकल्यासारखी गेले.

त्यांनी सगळं वाचलं. मग दार लावून घ्यायला सांगितलं.

"मॅडम, तुम्ही पत्र दिलं होतं, हे मला आठवतंय," ते म्हणाले. "पण हे मी फाईलला लावलं तर मला कन्सल्टंटवर कारवाई सुरू करावी लागेल. मग ते कोर्टात जातील. योजना अडकेल, पुढचा निधी परत जाईल. मंजुरी आणायला पुन्हा तीन वर्षं. गावाला सांगाल तुम्ही?"

"मग चूक कुणाची म्हणायची, साहेब?"

"कुणाचीच नाही. तुम्ही तीन ओळी लिहा. समन्वयाच्या अभावामुळे झालं, यापुढे दक्षता घेईन. मी समज देऊन नस्ती बंद करतो. तुमच्या पदोन्नतीला आडवं येऊ देणार नाही."

मी त्यांच्यासमोर बसूनच त्या तीन ओळी लिहिल्या. आज इतक्या दिवसांनीही मला स्वतःला नीट सांगता येत नाही की मी त्या का लिहिल्या. गावाचं पाणी अडेल म्हणून लिहिल्या, असं मी लोकांना सांगते. पदोन्नतीची फाईल त्याच महिन्यात साताऱ्याला जायची होती, हेही खरं आहे. नऊ पानं मी परत घरी आणली.

मामांना मी फोनवर सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि त्यांनी चिडावं असं मला मनातून हवं होतं. ते म्हणाले, "बरं केलंसा मॅडम. तुमाला नोकरी करायची हाय." मला त्यांचाही राग आला, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचा त्याहून जास्त.

मामांना मानधनावर प्रशिक्षक म्हणून सहा महिने घ्यावं, असा प्रस्ताव मी नंतर ठेवला. तशी तरतूद नाही, असा शेरा आला. मी तो पुन्हा ठेवला, शब्द बदलून. मग शेराही आला नाही.

त्या तरुण अभियंत्याचा एकदा फोन आला होता. त्याने कंपनी सोडली होती. म्हणाला, "मॅडम, मी ड्रॉइंगमध्ये वळण दाखवलं होतं. वरून सरळ केलं. मला त्या दिवशी सभागृहात बोलायला हवं होतं." मी त्याला काही लागेल असं बोलले नाही. मला तरी कुठे शेवटपर्यंत बोलता आलं होतं.

पदोन्नती झाली. बदली सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावी झाली. माहेर जवळ आलं म्हणून सगळे खूश होते. इथे रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी मी विचारलं, "इथले व्हॉल्व्हमन कोण?" समोरचा लिपिक म्हणाला, "एजन्सीचे असतात मॅडम. आज कोण आलंय बघावं लागेल."

गेल्या महिन्यात इथेही एका कन्सल्टंट कंपनीची नेमणूक झाली. त्यांचा मेल आला: अस्तित्वातील जलवाहिन्यांची माहिती तीन दिवसांत उपलब्ध करून द्यावी. मी उत्तर लिहिलं की अशी माहिती कार्यालयात तयार नाही, आपल्या अभियंत्याने चार दिवस येऊन माझ्यासोबत गावात चालावे, आणि निघणारा नकाशा दोघांच्या सहीने व्हावा. इथल्या मुख्याधिकाऱ्यांनाही त्याची प्रत पाठवली. त्यांनी मला बोलावून विचारलं, एवढं ताणायची गरज आहे का? मी म्हटलं, आहे.

कंपनीचं उत्तर परवा आलं. चार दिवस त्यांना शक्य नाहीत. व्हिडिओ कॉलवर अर्धा तास चालेल का, असं त्यांनी विचारलंय.